दिवसाच्या सत्तावीस वाट्या

झऱ्याची धार करंगळीएवढी झाली तेव्हा कुठे लोकांना वाटीवाल्याची आठवण झाली. धार मनगटाएवढी होती तोवर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. पाणी भरपूर असताना वेळ मोजत बसायला सवड कुणाला असते?

काम म्हणाल तर नुसतं बसण्याचं. झऱ्याचं पाणी दगडी हौदात पडायचं, हौदातून पाट निघायचा आणि पाटाच्या दोन्ही अंगाला गावाची वावरं. हौदाच्या कडेला वाटीवाला बसायचा. त्याच्यापुढे पाण्याने भरलेलं घंगाळ आणि त्यात तरंगणारी तांब्याची वाटी. वाटीच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी आत चढायचं, वाटी जड व्हायची आणि एकदम डुबकन तळाला जायची. मग वाटीवाला मान वर करून ओरडायचा, "बुडालीऽ!" खाली वावरात एकजण पाटाच्या बांधातलं आपलं दार मातीने बुजवायचा, शेजारचा आपलं उघडायचा. वाटी पुन्हा पाण्यावर.

एक वाटी म्हणजे चोवीस मिनिटं. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तीस वाट्या. रात्री पाट बंद, हौद भरत राहायचा. नऊ दिवसांत सगळ्या वावरांची एक फेरी पुरी व्हायची आणि दहाव्या दिवशी पहिल्याचं दार पुन्हा उघडायचं. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच त्यावर कधी भांडण झालं नव्हतं.

वाटीवाल्याला मजुरी पाण्यातच मिळायची, फेरीला तीन वाट्या. त्यावर घरामागचा पट्टा भिजायचा. यंदा पट्ट्यात कांदा होता.

चौतीस वर्षं एका जागी बसून त्याची डावी मांडी बधिर झाली होती. उठताना तो आधी ती मांडी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवायचा आणि मग उरलेला उठायचा. पोरंटोरं त्याची नक्कल करायची. जेवताना त्याची नजर वाटीवर असायची, बोलताना वाटीवर असायची, पाय मोकळे करायला जायचं तर वाटी नुकतीच ठेवलेली असताना, आणि तेही धावतपळत. एकदा गांधीलमाशी पापणीला चावली तरी त्याने दुसरा डोळा वाटीवरून हलवला नव्हता. गावात हे कौतुकाने सांगितलं जायचं. त्याची बायको मात्र म्हणायची, "कौतुक कसलं, शेक मी दिला ना."

ही बायको पाच महिन्यांपासून अंथरुणाला खिळली होती. पोटात गाठ होती. शहरातल्या दवाखान्यात नेऊन आणलं, तिथल्या डॉक्टराने फोटो उजेडाकडे धरला, खाली ठेवला आणि मुलीला बाहेर बोलावून सांगितलं, "घरी न्या. खाऊ वाटेल ते खाऊ द्या. महिना, फार तर दीड." त्याला आता वीस दिवस झाले होते. मुलीने हे बापाला जसंच्या तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला हौदावर जाऊन बसला.

हौदापासून घर चारशे पावलांवर होतं.

मुलगी दोन महिन्यांपासून माहेरीच होती. दिवसातून दोनदा तिच्या नवऱ्याचा फोन यायचा. ती अंगणात जाऊन हळू बोलायची, "बघू", "बघते ना", "मला काय हौस आहे का?" आणि फोन ब्लाउजमध्ये खुपसून पुन्हा आईचं अंथरूण बदलायला लागायची. ती बापावर चिडलेली होती, पण चिडायलाही माणूस समोर असावा लागतो.

"बाबा, उद्या जरा लवकर या," ती एकदा ताट वाढताना म्हणाली.

"मावळल्याशिवाय कसा येणार?"

"आई दुपारी तुम्हाला विचारत होती."

"काय विचारत होती?"

"काही नाही. तुम्हाला विचारत होती."

त्याने भात कालवला. काय विचारत होती हे कळलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं. नुसतं विचारण्याला काय उत्तर द्यायचं ते त्याला सुचेना. जेवण झाल्यावर तो बायकोच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला. तिचा डोळा लागला होता. तो आपल्या जागी जाऊन पडला.

त्या दिवसांत त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. मांडीचा बधिरपणा अंगभर पसरल्यासारखं झालं होतं. ऊन लागायचं, पण कुणा दुसऱ्याला लागल्यासारखं. प्रत्येक वाटीला तो एक खडा डावीकडच्या ढिगातून उजवीकडे टाकायचा. मावळतीला खडे मोजायचा तर सत्तावीस भरायचे. थंडीत सत्तावीस भरले तेव्हा तो मनाशी म्हणाला होता, दिवस लहान झालाय. आता थंडी सरून दिवस चांगले लांबले होते, पहाटे लवकर फटफटत होतं. खडे तरीही सत्तावीसच. हे त्याच्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं आणि त्यावर विचार करणं यांत जे अंतर असतं ते चालून जायची ताकद त्याच्यात नव्हती.

शिंपिणीच्या अंगात ती होती. पाटाच्या पार शेवटी तिचं वावर. नवरा गेल्यापासून सकाळी शेती आणि दुपारी मशीन असं तिचं चाले. तोंडाची फटकळ, पण कामाला चोख. तिच्या वावरात शेंगांचा वेल होता आणि तो डोळ्यांदेखत वाळत होता. एक दिवस ती पदरात वाळक्या शेंगा घेऊन हौदावर आली आणि त्या तिने घंगाळाशेजारी ओतल्या.

"काका, हे बघा."

"वाटी चालू आहे. बोल तू, ऐकतोय."

"नवव्या दिवसाचं पाणी मला दहाव्या दिवशी येतंय. एकदा नाही, सलग चार फेऱ्या. मी भिंतीवर खडूने रेघा मारल्यात."

"धार बारीक झालीय."

"धार बारीक झाली तर पाणी कमी येईल. उशिरा कसं येईल?"

वाटी बुडाली. त्याने हाक दिली, वाटी काढली, ठेवली, खडा टाकला.

"आणि मधला एक दिवस कोण खातंय, ते सांगा मला," शिंपीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदावर दहा-बारा माणसं जमली. पाणीवाटपाच्या समितीचे प्रमुख आले. त्यांना सगळे दाढीवाले म्हणत. नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मोबाइलवालाही आला, त्याचंही पाटावर वावर होतं. दाढीवाल्यांना कुणाचं मन दुखवायचं नसायचं, आणि त्यापायी ते सगळ्यांचंच थोडं थोडं दुखवायचे.

"काका, राग मानू नका," ते म्हणाले. "एकदा मोजून बघू. तुमचंही समाधान, हिचंही समाधान."

मोबाइलवाल्याने फोनवर मिनिटं मोजणारे आकडे लावले. वाटीवाल्याने वाटी नेहमीसारखी पाण्यावर ठेवली. त्याचा हात नेहमीसारखाच स्थिर होता. सगळे घंगाळाभोवती ओणवले. सुरुवातीला थोडी थट्टा चालली. इतकी माणसं इतका वेळ त्या वाटीकडे बघत बसली असतील असं गावात पूर्वी कधी घडलं नसेल.

"चोवीस," मोबाइलवाला म्हणाला.

वाटी तरंगत होती. काठ अजून अर्धं बोट वर होता.

"पंचवीस."

कोणीतरी खोकलं. दाढीवाल्यांनी दाढी खाजवली.

"सव्वीस... सत्तावीस."

वाटी डुबकन गेली. वाटीवाल्याच्या तोंडून सवयीने हाक निघाली, "बुडालीऽ!" खाली वावरात कोणीतरी बिचाऱ्याने दार बुजवलंही. इथे मात्र सगळे हसले.

"काका, तुमच्यासारखीच तुमची वाटी पण म्हातारी झाली," मागून एकजण म्हणाला. "तुम्हाला उठायला वेळ लागतो, तिला बुडायला."

"म्हणजे दर वाटीमागे तीन मिनिटं जास्त," मोबाइलवाला हिशेब करत म्हणाला. "वरच्यांना आधी मिळतं, त्यांचं फावलं. फेरी लांबली आणि शेवटचे वाळले."

"काकांच्या पण तीन वाट्या असतात," त्याच मागच्याने आठवण करून दिली. "त्याही लांबलेल्याच की."

हे ऐकून वाटीवाल्याने पहिल्यांदाच घंगाळावरून नजर उचलली. कोण बोललं ते त्याला बघायचं होतं. पण सगळे चेहरे एकाच वेळी दुसरीकडे बघायला लागले होते.

"तसं कोणी म्हणत नाहीये," दाढीवाले घाईने म्हणाले. "तुमच्यावर कोणाचा संशय नाही. पण काय आहे, काकूही आजारी आहेत. तुम्ही घरी बसा थोडे दिवस. हा मोबाइलवर बघेल. वाटी असू द्या तुमच्याकडेच, तुमचीच आहे ती."

वाटीवाल्याने घंगाळ उपडं केलं. वाटी टॉवेलात गुंडाळली. डावी मांडी हातांनी उचलून बाजूला ठेवली आणि उठला. त्याला उठताना सगळे बघत होते आणि या वेळी कोणी नक्कल केली नाही. सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. चौतीस वर्षांत तो आठ वाजता कधी घरी गेला नव्हता. आपल्या घरावर या वेळी ऊन कुठपर्यंत येतं हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मुलगी आईची पाठ पुसत होती. "काय झालं? बरं नाही का?"

"काढलं."

"काय काढलं?"

"मला."

त्याने जे झालं ते सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कुठेच वरखाली झाला नाही. मुलगीच तावातावाने उठली, "चौतीस वर्षं! आणि असे हसले? मी जाते, बघते एकेकाला." पण आईची पाठ अर्धी ओली होती, म्हणून ती पुन्हा बसली.

खाटेवरून बायकोने हात पुढे केला. "बघू वाटी."

त्याने टॉवेल सोडून वाटी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरली. मग बुडावरून नख फिरवलं. नखाखाली पांढरी पूड आली. आपल्याकडच्या पाण्याने पातेल्यांना बसतो तसला पांढरा थर वाटीच्या बुडावर चढला होता आणि भोकाच्या कडेने तर गच्च बसला होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "हिचं भोक कोणीच साफ केलं नाही?"

"करायचं असतं?"

तिला हसू आलं, हसताना पोटात कळ आली, आणि कळ जाईपर्यंत मुलीने तिचा खांदा धरून ठेवला.

"दर फेरी संपली की तुम्ही वाटी घरी आणायचात," ती दम खात म्हणाली. "न्हाणीत ठेवायचात. रात्रभर मी ती लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. सकाळी राखेने घासायची आणि भोकातून केस ओवायची."

"केस?"

"डोक्याचा. लांब. आत-बाहेर, आत-बाहेर. सुई नाही घालायची, सुईने भोक वाढतं. सासूबाईंनी शिकवलं होतं. पहिल्याच वर्षी. मी एकदा सुई घेतली तर हातावर मारलं होतं त्यांनी."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? मला वाटलं, माहीत असेल. वाटीवाला तुम्ही." तिने वाटी पोटावर ठेवली. "आणि पडल्यावर माझ्याही डोक्यातून गेलं. खरं सांगते, गेलंच डोक्यातून."

वाटीवाला खाटेच्या कडेवर बसला. तांब्याचं भांडं आपोआप बरोबर वेळ दाखवतं असं त्याला आयुष्यभर वाटत आलं होतं. त्याच्या आईने आणि बायकोने मिळून गावाची वेळ सांभाळली होती, आणि त्याने त्या वेळेवर नुसती हाक मारली होती. त्याला राग यायला हवा होता किंवा लाज वाटायला हवी होती. त्याला वाईट वाटलं एवढं खरं. पण ते कुठे वाटतंय ते सापडेना. बधिर मांडीवर मुंगी चावली की असंच होतं, चावल्याचं कळतं, जागा कळत नाही.

बायकोचे केस औषधांनी गळून आखूड झाले होते. मुलीने आपल्या वेणीतला एक उपटून दिला. वाटी एक दिवस लिंबाच्या पाण्यात राहिली. बायकोने पडल्या पडल्याच तिच्यातून केस ओवला. चार वेळा केस चुकला, तरी तिने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. मग मुलीने बादलीत पाणी भरून वाटी सोडली आणि आपल्या फोनवर आकडे लावले.

"चोवीस," ती म्हणाली. "बाबा, अगदी चोवीस. सेकंदाचा फरक नाही."

"असणारच," बायको म्हणाली आणि डोळे मिटले.

वाटीवाला बुडालेल्या वाटीकडे बघत राहिला. मनाशी त्याचा हिशेब चालला होता, कारण हिशेब करणं एवढंच त्याला येत होतं. पाच महिने ही पडून आहे. दिवसाच्या सत्तावीस. चार हजारांवर वाट्या त्याने हौदावर बसून बुडवल्या, चारशे पावलांवर. डॉक्टराने दिलेल्या दिवसांतल्या किती वाट्या राहिल्या? त्याने तेही मोजलं. फार तर सहाशे. मोजून झाल्यावर पहिल्यांदाच त्याला दुखलं, आणि नेमकं कुठे दुखतंय तेही कळलं.

तिकडे मोबाइलची चार दिवस वाहवा झाली. पाचव्या दिवशी मोबाइलवाल्याला दुकानातून फोन आला आणि तो बोलत बोलत नाक्यापर्यंत गेला. सातव्या दिवशी आकडे लावायचे राहिले. शिवाय फोनचा टुंईटुंई आवाज खाली वावरात ऐकू जायचा नाही, आणि हाक मारायची मोबाइलवाल्याला लाज वाटायची. आपलं दार कधी उघडायचं हे कळेना म्हणून ज्याने त्याने मर्जीने उघडलं, आणि दोघांनी फावडी उगारली. दहाव्या दिवशी दुपारी दाढीवाले आणि शिंपीण वाटीवाल्याच्या दारात आले.

या दहा दिवसांत पट्ट्यातला कांदा पिवळा पडला होता. वाटीवाला हौदावर नाही म्हणजे तीन वाट्याही नाहीत. पातींची टोकं जळायला लागली होती. मुलगी रोज सकाळी धुण्याचं पाणी बादलीने नेऊन ओतायची आणि तेवढ्याने काय होतंय असं म्हणत परत यायची.

"काका, चुकलं आमचं," दाढीवाले खाटेकडे न बघता म्हणाले. "वाटी आता बरोबर झाली म्हणे. उद्यापासून या. तीन नाही, चार वाट्या देऊ. उद्या पहिलं दार तुमच्याच पट्ट्याचं."

मुलगी चटकन पुढे झाली. "बाबा, जा. मी आहे इथे. अजून एक पाणी मिळालं तर कांदा हाती लागेल. नाहीतर पुढे वर्षभर काय करणार तुम्ही? मीही किती दिवस राहू?" शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. बोलून झाल्यावर तिने ओठ दातांत धरला.

"जा," बायकोही म्हणाली. "इथे बसून काय करणार आहात?"

"बसणार आहे," वाटीवाला म्हणाला.

"आणि कांदा?"

"जाऊ दे कांदा."

हे त्याने इतक्या साध्या आवाजात म्हटलं की दाढीवाल्यांना आधी कळलंच नाही. "म्हणजे चारही नकोत?"

"जो बसेल त्याला द्या. हिला द्या," त्याने शिंपिणीकडे हात केला. "हिचं वावर शेवटचं आहे. हिच्याइतकं नीट कोण मोजेल? भिंतीवर रेघा मारते ही."

शिंपिणीचा चेहरा उतरला. "काका, मी तुमची जागा घ्यायला नव्हते भांडले."

"माहीत आहे मला. वाळत होतं म्हणून भांडलीस."

त्याने कोनाड्यातली वाटी काढून तिच्या हातात दिली. शिंपीण ती घेऊन खाटेपाशी गेली, कारण वाटी खरी कुणाची ते एव्हाना गावभर झालं होतं. बायकोने तिची वेणी हाताने चाचपून पाहिली.

"केस चांगले आहेत तुझे," ती म्हणाली. "एक पुरतो. सुई घालू नकोस. आणि मशीनचं तेल लागलेल्या हाताने तर अजिबात धरू नकोस."

"नाही धरणार, काकू."

"सवयीने धरशील. म्हणून सांगते."

त्या संध्याकाळी मुलीने परड्यात जाऊन फोनवर नवऱ्याला सांगितलं की आणखी पंधरा दिवस, आणि तो काय म्हणाला कुणास ठाऊक, ती बराच वेळ तिथेच कांद्यात उभी राहिली.

बसणार आहे म्हणणं सोपं होतं. वाटीवाल्याला नुसतं बसता येईना. घंगाळ नाही, खडे नाहीत, हाक नाही. मुलीच्या कामात त्याची अडगळ व्हायची. "बाबा, पाय घ्या," "बाबा, जरा तिकडे," "बाबा, तुम्ही हौदावरच बरे होतात." मग हळूहळू त्याला कामं जमायला लागली. बायकोला कुशीवर वळवताना आधी गुडघा दुमडायचा आणि मग खांदा, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. दूध चमच्याने देताना चमचा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं, ओतायचं नाही. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हे केव्हापासून, असं त्याने विचारलं तर ती म्हणाली, "दुसऱ्या वेळचं पोट पडलं तेव्हाच्या तापात." त्या गोष्टीला एकोणतीस वर्षं झाली होती.

"सारखं तोंड काय बघताय?" ती एकदा वैतागून म्हणाली.

"काय करू मग?"

"बघण्यासारखं होतं तेव्हा हौदावर बसलात."

मुलगी स्वयंपाकघरात खुदकन हसली. तोही हसला. मग त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही. बायकोने त्याचा हात थोपटला. थोपटताना तिला धाप लागली तेव्हा त्याने तो हात धरून ठेवला.

आता तो कांद्याकडे जात नव्हता. पात पार आडवी पडली होती. एका दुपारी मुलगी फावडं आणि पोतं घेऊन निघाली, लिंबाएवढे का होईना, आहेत तेवढे उपटून आणते म्हणाली. वाटीवाला बायकोपाशी बसला होता. ती जागी होती, श्वास उथळ होता, पण सकाळपासून तसाच होता.

"नखं वाढलीत," ती म्हणाली. "अंगाला लागतात."

त्याने कातर आणली. तिचा उजवा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. नखं कडक झाली होती. कातरीच्या टोकाने कातडीला धक्का लागू नये म्हणून तो एकेक नख तीनतीनदा थोडं थोडं कापत होता. कापलेला तुकडा तो कागदावर ठेवायचा. इतक्या सावकाश त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. तर्जनी झाली. मधलं बोट झालं. बाहेर कोंबडी माती उकरत होती. परड्यात फावड्याचा आवाज येत होता, मग थांबत होता, मग येत होता.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"नाही. छान वाटतंय."

अनामिका झाली. करंगळी झाली. त्याने हात उलटा करून कुठे टोक राहिलंय का ते आपल्या बोटाने तपासलं, करंगळीचं एक राहिलं होतं, तेही काढलं. हात हळूच तिच्या पोटावर ठेवला आणि दुसरा घ्यायला तो खाटेच्या पलीकडच्या बाजूला गेला. डावा हात उचलला तेव्हा तो जड लागला.

मुलगी पोतं ओढत आली तेव्हा तो तसाच तो हात धरून बसला होता. तिने आईकडे पाहिलं, पोतं उंबऱ्यातच सोडलं आणि खाली बसली. कांदे घरभर गडगडत गेले.

माणसं जमली. शिंपीण आली, दाढीवाले आले. खाली पाट चालू होता, तिथे कुणाला तरी बसवून शिंपीण आली होती. मोबाइलवाला नोंदीचा कागद घेऊन आला, कारण असले कागद त्यालाच भरता यायचे. त्याने नाव लिहिलं, वय लिहिलं, आजार लिहिला. मग पेन थांबवून हळू विचारलं, "काका, वेळ?"

"कसली?"

"काकू गेल्या ती. किती वाजले होते?"

वाटीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. मग मुलीकडे, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे. या गावात वेळ सांगता न येणारं कुणी असेलच तर ते हा माणूस नव्हे, असं सगळ्यांच्याच मनात होतं.

"नाही माहीत," तो म्हणाला. "मी नखं कापत होतो."

"अंदाजे लिहू? तीन?"

"लिही."

मोबाइलवाल्याने तीन लिहिलं. मुलीने बापाच्या हातातून कातर घ्यायला हात पुढे केला. "बाबा, द्या ती इकडे. उठा आता."

"एक हात राहिलाय," तो म्हणाला, आणि डाव्या अंगठ्यापासून सुरुवात केली.